साधन या शब्दाचे दोन अर्थ: लोणारचे खारे पाणी, गावाचे सांडपाणी आणि मोजणारा माणूस

मराठीत 'साधन' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आधी आठवतो तो राजवाड्यांचा. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंड झाले. तिथे साधन म्हणजे जुना कागद, पत्र, यादी, सनद. दुसरा अर्थ कारागिराचा आहे: ज्याने काम करता येते, ज्याने मोजता येते, ते साधन. आजचा धागा या दोन अर्थांच्या सांध्यावर आहे. ठिकाण आहे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. विषय आहे सांडपाणी, ते मोजणारी उपकरणे आणि ती उपकरणे खरे बोलत आहेत की नाही हे पाहणारा तंत्रज्ञ.

किल्ले आणि लढाया यांच्या धाग्यांना सरावलेल्या मित्रांनी लगेच नाक मुरडू नये. धागा लांब आहे, सावकाश वाचा.

लोणारचे सरोवर आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते ते उल्कापातामुळे. बेसाल्टच्या खडकात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, कडा सुमारे १५० मीटर उंच आणि तळाशी सुमारे १.२ किलोमीटर रुंदीचे खारे, अल्कधर्मी पाणी. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. जे जाते ते फक्त वाफ होऊन. वाफ मीठ सोबत नेत नाही, म्हणून मीठ मागे उरते. हजारो उन्हाळ्यांचा हा हिशेब म्हणजे लोणारचे पाणी. गावाचे नावही लवणावरूनच आले, आणि पुराणकथेतला असुरही लवणासुर. त्याला मारणाऱ्या विष्णूचे, दैत्यसूदनाचे, देऊळ गावात आजही उभे आहे.

या खाऱ्या पाण्याला राज्यकर्त्यांच्या दफ्तरात स्थान मिळाले ते महसुलामुळे. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख येतो. काच आणि साबण करण्यासाठी लागणारे द्रव्य इथे मिळते आणि सरकारला त्यातून चांगले उत्पन्न होते, असे तो सांगतो. तिथले पाणी एके जागी खारे तर दुसऱ्या जागी गोडे आहे, हेही त्याने नोंदवले आहे. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर क्षार जमायचा. तो गोळा करणाऱ्यांनी त्याच्या जातीनुसार त्याला डल्ला, पापडी, भुसकी अशी नावे दिली होती. ही नावे म्हणजे एक प्रकारचे वर्गीकरणच होते. खडा किती कठीण, रंग कसा, जिभेला कसा लागतो, यावर प्रत ठरायची आणि प्रतीवर भाव. प्रयोगशाळा नव्हती, पण मोजमाप होते.

आपल्या घरातही असे एक मोजमाप आहे. पापडखार किंवा साबण हळदीच्या डागाला लागला की डाग लाल होतो. हळद अल्कात लाल होते, आणि हळदीला चुना लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. लोणारच्या पाण्यात हळद टाकली तर तीही रंग बदलेल. पाणी अल्कधर्मी आहे की नाही एवढे ती सांगते. किती, हे मात्र सांगत नाही. 'किती' या प्रश्नाचा इतिहास बराच अलीकडचा आहे.

१८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर हा ब्रिटिश अधिकारी लोणारला आला, तेव्हापासून युरोपीय लेखनात या विवराची नोंद होऊ लागली. त्या वेळी अल्कता आकड्यात सांगायची पद्धतच नव्हती. पीएच ही मोजपट्टी डेन्मार्कच्या सोरेन सोरेन्सन याने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ही प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्या कारखान्याची होती, हा इतिहासाचा एक मिश्कील तपशील. ही मोजपट्टी घातांकी आहे. पीएच १०.५ वरून ९.५ झाला तर कागदावर एकाचा फरक दिसतो, पाण्यातली अल्कता मात्र दहा पटींनी कमी झालेली असते. वर्तमानपत्रातली 'किंचित घट' वाचताना हे विसरले जाते.

१९१२ हे साल मला या साऱ्या कथेत फार महत्त्वाचे वाटते, कारण त्या एकाच वर्षी दोन असंबद्ध घटना घडल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्टी यांनी लोणारचे भूशास्त्र आणि तिथला सोडा यांवर सविस्तर निबंध छापला. सोडा येतो कुठून, व्यापाराच्या दृष्टीने त्याचे मोल काय, असे प्रश्न त्यामागे होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी नेमलेल्या शाही आयोगाने आपला आठवा अहवाल दिला. नदीत सोडायच्या सांडपाण्यात तरंगते घन पदार्थ लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत आणि पाच दिवसांत ते पाणी लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्राणवायू खाऊ नये, अशी मर्यादा त्याने सुचवली. इंग्रज राज्यकर्ते बुलढाण्यात मीठ मोजत होते आणि आपल्या घरी मैला. खामगावला १८७० मध्ये आगगाडी पोहोचली ती कापसासाठी, आणि तिथे कापसाची गाठ तोलली जात होती. वऱ्हाडातल्या गावांच्या गटारात किती पाणी वाहते हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा कोणाला वाटला नाही. ज्यातून महसूल येत नाही ते मोजले जात नाही. साधनांच्या अभावाचे हे कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याने ओळखले पाहिजे.

आता त्या पाच दिवसांबद्दल, कारण इथे खरी गंमत आहे. ही चाचणी आज बीओडी म्हणून ओळखली जाते. बाटलीत पाणी भरायचे, त्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा, बाटली अंधारात ठराविक तापमानाला ठेवायची आणि नंतर उरलेला प्राणवायू पुन्हा मोजायचा. मधल्या काळात जीवाणूंनी घाण खाताना जेवढा प्राणवायू संपवला, तेवढी पाण्यातली घाण. प्राणवायू मोजायची रीत हंगेरीच्या लायोश विंक्लरने १८८८ मध्ये शोधली होती. मँगनीजचा क्षार, आयोडीन, पिष्टाचा निळा रंग, आणि तो रंग नाहीसा होण्याच्या क्षणाची वाट पाहणारा डोळा. पाच दिवसच का? इंग्लंडमधल्या नद्यांचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळते म्हणून, असे सांगितले जाते. म्हणजे एका बेटाचा भूगोल जगभरच्या प्रयोगशाळांच्या कपाटात जाऊन बसला. भारताने पुढे यात बदल केला. आपल्याकडे पाणी उबदार, जीवाणू चपळ. त्यामुळे २० अंश सेल्सियसला पाच दिवसांऐवजी २७ अंशांना तीन दिवस ही पद्धत आपल्या मानकांत आली. लोणारचे पाणी तर समुद्राला कधीच मिळत नाही, तीन दिवसांतही नाही आणि तीन लाख वर्षांतही नाही. त्या पाण्याला हे गणित कोणत्या नदीच्या नात्याने लावायचे?

हा प्रश्न केवळ तार्किक नाही. लोणार गावाचे सांडपाणी उताराने विवराकडे येते, ही अनेक वर्षांची तक्रार आहे. कड्याच्या ईशान्येला जी घळ आहे, जिथे गोमुखाची धार बारमाही वाहते आणि यात्रेकरू स्नान करतात, त्याच बाजूने गावही वसलेले आहे. सरोवराच्या दुरवस्थेबद्दल २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका आली आणि सांडपाण्याचा बंदोबस्त हा तिच्यातला एक कायमचा मुद्दा राहिला. २००० मध्ये या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला होता. २०२० मध्ये तो रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत गेला, नांदूर मधमेश्वरनंतरचे राज्यातले दुसरे स्थळ म्हणून. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले आणि देशभर छायाचित्रे फिरली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आणि नागपूरच्या 'नीरी'ने नमुने तपासले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे रंग आला, असा निष्कर्ष निघाला. उन्हाने पाणी आटले, खारटपणा वाढला आणि ज्यांना खारटपणाच मानवतो ते जीव माजले. म्हणजे ज्याला आपण रोग समजलो, ती त्या सरोवराची प्रकृती होती. धोका उलट दिशेचा आहे: गोड्या पाण्याचा.

म्हणून मला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आतून पाहायचे होते. ते लोणारचे नव्हते. जिल्ह्याबाहेरच्या एका शहराच्या केंद्रात ओळखीने गेलो. तिथे वरिष्ठ उपकरण तंत्रज्ञ म्हणून काम करणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणू लागलो. आमची वही-पेनाची मुलाखत त्यांनी पाच मिनिटांत मोडीत काढली आणि मला सरळ कट्ट्यावर नेले, जिथे हवा घालून पाणी घुसळत असलेल्या टाकीत एक प्रोब लोंबत होता. तो बाहेर काढला तेव्हा त्यावर तपकिरी, बुळबुळीत थर होता. विरघळलेला प्राणवायू मोजणारी ही तबकडी. लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात माणसाच्या रक्तातला प्राणवायू मोजण्यासाठी असा प्रोब बनवला होता, आणि तो पुढे मैल्याच्या टाकीत येऊन पोहोचला. थर साचला की आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू लागतो. यंत्रणेला वाटते, जीवाणू गुदमरत आहेत. मग ती हवेचे पंखे जोरात फिरवते आणि वीज जळत राहते. काकांनी ओल्या फडक्याने प्रोब पुसला, हवेत धरला, पॅनेलवरचा आकडा चढताना पाहिला आणि नोंदवहीत तारीख, वेळ, पुसण्यापूर्वीचा आकडा, पुसल्यानंतरचा आकडा असे चार रकाने भरले.

मी त्या चार रकान्यांकडे बघत राहिलो. शेजवलकरांपासून आजच्या कोणत्याही चांगल्या इतिहासकारापर्यंत आपण ज्याला साधनचिकित्सा म्हणतो, ती हीच नव्हे काय? कागद कोणाचा, कोणत्या दिवशी लिहिला, लिहिणारा कोणत्या बाजूला झुकलेला, किती झुकलेला. काका उपकरणाला हेच प्रश्न विचारत होते, आणि झुकाव किती हे आकड्यात लिहून ठेवत होते. आपल्या बखरकारांनी एवढे केले असते तर आपले अर्धे वाद मिटले असते.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती विजेच्या तारेची. उपकरणाचा आकडा नियंत्रणकक्षापर्यंत जातो तो विद्युतप्रवाहाच्या रूपाने, ४ ते २० मिलिअँपिअर. मोजमाप शून्य असेल तर तारेत ४ मिलिअँपिअर वाहतात, पूर्ण असेल तर २०. शून्यासाठी शून्यच का ठेवले नाही, असे मी विचारले. तारेत प्रवाह शून्य झाला तर तार तुटली किंवा उपकरण मेले असे समजायचे, हे त्यांचे उत्तर. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही पद्धत कारखान्यांत रूढ झाली. तिच्या आधी दाबाच्या हवेने संदेश पाठवत, आणि तिथेही ३ ते १५ पौंडांची पट्टी असे, शून्यापासून सुरू होणारी नव्हे. 'काही नाही' आणि 'काही कळले नाही' हे दोन वेगळे संदेश आहेत, हे या तंत्रज्ञांनी तारेत बांधून ठेवले. आपल्या दफ्तरांत ही सोय नाही. एखाद्या गावाच्या जुन्या नोंदीत पटकीचे रुग्ण दिसत नाहीत, तेव्हा पटकी नव्हती की लिहिणारा नव्हता, हे आपल्याला कधीच ठामपणे कळत नाही.

आणि एक कबुली. दुसऱ्या एका ठिकाणी, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, मी प्रवाहमापकाची नोंदवही चाळली होती. सलग तीन आठवडे रोज तोच आकडा. पाणी पावसाळ्यातही तेवढेच आणि पाणीपुरवठा बंद असलेल्या दिवशीही तेवढेच. विचारले तेव्हा कळले की पाण्याच्या पातळीवर ध्वनिलहर सोडणाऱ्या संवेदकासमोर कोळ्याने जाळे विणले होते. लहर जाळ्यावरून परत येत होती. वहीत कोळ्याची उंची लिहिली जात होती. कोणी खोटे लिहिले नव्हते. जो आकडा दिसला तो प्रामाणिकपणे उतरवला होता, आणि पन्नास वर्षांनी एखादा संशोधक ती वही उघडून त्या गावाचे सांडपाणी स्थिर होते असा प्रबंध लिहिणार होता.

प्रवाह मोजणे सोपे वाटते म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. सांडपाण्याच्या चरात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेली फळी बसवतात आणि खाचेच्या टोकापासून पाणी किती वर आहे ते मोजतात. या त्रिकोणी खाचेचा अभ्यास जेम्स थॉमसन याने १८६० च्या सुमारास केला. तो लॉर्ड केल्व्हिनचा थोरला भाऊ. काटकोनी खाचेतून जाणारे पाणी उंचीच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, ११ सेंटिमीटर असेल तर सुमारे ५.५ लिटर. एका सेंटिमीटरची चूक, आणि दिवसाच्या हिशेबात सुमारे एक लाख लिटरचा फरक. शेतीच्या पाण्यासाठी अमेरिकेच्या कोलोरॅडोत राल्फ पार्शल याने १९२० च्या दशकात आवळत्या गळ्याचा चर बनवला. त्यात गाळ साचत नाही, म्हणून तो पुढे सांडपाण्यासाठीही वापरात आला. त्यालाही पातळीच मोजावी लागते आणि तिथेही सेंटिमीटरच छळतो.

हा एक लाख लिटर लोणारला लावून पाहू. समजा, सरोवराकडे येणाऱ्या एखाद्या ओहोळावर अशी खाच आहे आणि पट्टी एक सेंटिमीटर चुकीची बसली आहे. सरोवराचा व्यास १.२ किलोमीटर धरला तर वर्षभरातली ती चूक संपूर्ण सरोवरावर सुमारे तीन सेंटिमीटर जाडीच्या पाण्याच्या थराएवढी होते. अलीकडच्या वर्षांत सरोवराची पातळी चढून कमळजा देवीच्या मंदिराला पाणी लागले, तेव्हा हे पाणी पावसाचे, झऱ्यांचे की गावाचे, यावर चर्चा झाली. त्या चर्चेचे उत्तर शेवटी अशाच एखाद्या पट्टीपाशी येऊन थांबते.

आता लोणारच्या पाण्याचा स्वभाव. सांडपाण्यासाठी बनवलेली उपकरणे या पाण्यात एकामागून एक फसतात, आणि कशी फसतात हे काकांनी मला बोटांवर मोजून सांगितले. काचेचा पीएच प्रोब घ्या. १९०९ मध्येच फ्रिट्झ हाबर आणि त्याचा सहकारी क्लेमेन्सिएविच यांनी काचेच्या पातळ पडद्याचा हा गुण दाखवून दिला होता, आणि १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या लिंबाच्या रसाची आंबटी मोजायला आर्नोल्ड बेकमनने त्याचे हाताळण्याजोगे यंत्र केले. साधी काच पाण्यातल्या सोडियमला काही वेळा हायड्रोजनच समजते. पीएच दहाच्या पुढे आणि सोडियम भरपूर, असे पाणी असले की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. लोणार म्हणजे नेमके असेच पाणी. चुकीचा प्रोब घेऊन गेलेला माणूस, मनात काहीही नसताना, सरोवराची अल्कता घटल्याची बातमी घेऊन परत येऊ शकतो.

रासायनिक प्राणवायूची मागणी, जिला सीओडी म्हणतात, तिचे उलट आहे. त्या चाचणीतले डायक्रोमेट मिठातल्या क्लोराइडलाही खाते आणि घाण आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. ते टाळायला पाऱ्याचा क्षार घालावा लागतो, आणि पारा पुन्हा स्वतःच एक विष. प्राणवायूच्या प्रोबला खारटपणा किती ते आधी सांगावे लागते, कारण खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तीन उपकरणे, तीन दिशांच्या चुका. मग १९१२ च्या निबंधातले आकडे आणि आजचे आकडे शेजारी ठेवून सरोवर बदलले असे म्हणण्यापूर्वी पद्धत कोणती, नमुना काठाचा की मधला, मे महिन्यातला की सप्टेंबरचा, हे विचारावेच लागते. सरोवर बदललेले नाही असे माझे म्हणणे नाही. बदलाचा पुरावा कोर्टात आणि इतिहासात टिकायचा असेल, तर तो याच रस्त्याने यायला हवा, एवढेच.

साधन बदलले की उत्तर किती बदलते याचे लोणारइतके चांगले उदाहरण नाही. १८९६ मध्ये जी. के. गिल्बर्ट या नामवंत अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनाच्या विवराशी लोणारची तुलना केली आणि दोन्ही वाफेच्या स्फोटाची मानली. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी विवरातून काढलेल्या खडकांच्या नमुन्यांवरून आघाताचा पुरावा मांडला. त्यानंतर वयाचा प्रश्न. तापदीप्तीच्या पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे आले, आरगॉनच्या पद्धतीने सुमारे ५,७०,०००. एकच विवर, दहा पटींहून जास्त फरक.

आणि सरकारी मानक? २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पीएच ६.५ ते ९ यांच्यामध्ये हवा. लोणारचे सरोवर स्वतः या परीक्षेत नापास होईल. उलट, सगळ्या कसोट्यांवर उत्तीर्ण झालेले, स्वच्छ, निर्मळ, गोडे पाणी रोज त्यात सोडत राहिले तर सरोवराचे सरोवरपण पातळ होत जाईल. मानक नदीसाठी लिहिलेले आहे. नागपुरात १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली, तीच १९७४ पासून 'नीरी' म्हणून ओळखली जाते. त्याच १९७४ मध्ये केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा आला. संस्था आहेत, कायदा आहे. २०१४ पासून प्रदूषणकारी उद्योगांना आपले आकडे अखंड थेट पाठवण्याची सक्तीही आली आहे. तरी प्रक्रिया केलेले पाणी लोणारच्या कड्याबाहेर, शेतीकडे वळवायचे की आत सोडायचे, हा निर्णय कोणत्याही प्रोबवर दिसत नाही. तो माणसांनीच घ्यायचा आहे. माझे मत बाहेर वळवावे असे आहे, आणि ते लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

एक गोष्ट टाळून पुढे गेलो तर हा धागा खोटा ठरेल. गटाराचा इतिहास आपल्या देशात जातीचा इतिहास आहे. काकांच्या कमरेला एक छोटी डबी लटकलेली असते, चार वायूंची: प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पेट घेणारे वायू. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण त्याचे प्रमाण फार वाढले की नाकच मरते आणि वास येईनासा होतो. वास थांबला म्हणून सुटकेचा श्वास घेणारा माणूस तिथेच कोसळतो. ती डबी असली तर काका झाकण उघडून आधी तिला दोरीने आत सोडतात. ती नसली तर माणूस आत सोडला जातो, आणि तो माणूस कोणत्या वस्तीतून येतो हे आपल्याला माहीत आहे. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, मग २०१३ मध्ये अधिक कडक झाला. दोन्ही कायद्यांनंतरही गटारात मृत्यू होत राहिले. उपकरणांच्या इतिहासात त्या मृतांसाठी रकाना नाही.

शेवटी, अबुल फजलच्या त्या खाऱ्या-गोड्या पाण्याकडे परत. कमळजा देवीच्या देवळासमोर, सरोवराच्या काठावर एक विहीर आहे, सासू-सुनेची विहीर. तिच्यात एका बाजूला पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूला खारे, असे लोक सांगतात. सासू कोण आणि सून कोण यावर गावात एकमत नाही. पाणी चढले की विहीर सरोवराखाली जाते, आटले की वर येते. भूजलाच्या भाषेत सांगायचे तर कड्याकडून झिरपणारे गोडे पाणी आणि सरोवराचे खारे पाणी जिथे भेटतात ती सीमा त्या विहिरीत दिसते. सरोवर किती चढले, गोडे पाणी किती पुढे आले, हे ती पिढ्यान्‌पिढ्या दाखवत आली. तिची नोंदवही मात्र कोणी ठेवली नाही.

मी काकांना त्या विहिरीबद्दल सांगितले. त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. पाणी किती पीएचचे असेल, असे त्यांनी विचारले. सरोवराच्या बाजूला दहाच्या आसपास, मी म्हणालो. त्यांनी कपाट उघडले. कॅलिब्रेशनच्या द्रावणांच्या तीन बाटल्या होत्या: चार, सात आणि दहा. दहाची जवळपास भरलेलीच होती, कारण मैलापाण्याला तिची गरज फारशी पडत नाही, आणि तिची मुदत मागच्याच महिन्यात संपली होती. काकांनी ती बाटली बाजूला काढून ठेवली आणि नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले: नवी दहाची, तिच्यावरची साडेबाराची, आणि सोडियमला न फसणाऱ्या काचेचा एक प्रोब. दिवाळीनंतर, पाणी उतरले तर, लोणारला जायचे ठरले आहे.